कळकवाडीचं कासव

ऐका, पण आधी गप्प बसा. मला मध्ये बोललेलं खपत नाही, आणि ही गोष्ट तर तोंड मिटून ठेवण्याचीच आहे.

कासवाची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल. तळं आटलं, दोन बगळ्यांनी चोचीत एक काठी धरली, कासवानं ती काठी मधोमध तोंडात धरली आणि तिघं उडाले. खाली माणसांनी बघितलं, गलका केला. कासवाला राहवलं नाही. त्यानं बोलायला तोंड उघडलं आणि ते खाली आपटलं. घाटाखालचे लोक म्हणतात, बगळे कुठले, हंस होते. नदीकाठची माणसं म्हणतात, ते चिखलात पडलं, पाठीवरचे तडे तेव्हाचेच. कुणी म्हणतं पोरांनी चिडवलं म्हणून बोललं, कुणी म्हणतं राजानं विचारलं म्हणून बोललं. एक कीर्तनकारबुवा तर सांगायचे की देवाचं नाव घ्यायला त्यानं तोंड उघडलं. घ्या! गाव बदललं की गोष्ट बदलते, पण कासवाचं पडणं काही चुकत नाही.

फक्त आमच्या कळकवाडीत ते पडत नाही. बाहेरगावचे लोक ऐकून हसतात, म्हणतात, यांना गोष्टसुद्धा धड सांगता येत नाही. हसेनात का! त्यांच्या गावात ठमा झाली नाही, त्याला मी काय करू?

फार वर्षांपूर्वी, म्हणजे माझ्या आज्याच्या आज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, कळकवाडी एवढीशीच होती. वीसेक घरं, आणि घरांच्या डोक्यावर हा असा उभा कडा. इतका जवळ, की वर कुणी खोकलं तर खाली ऐकू यावं. कड्याचं पोट पुढं आलंय, पोटाखाली कपार आहे आणि कपारीखाली, एका अंगाला, खोल दरी. त्या कपारीत दरसाल आग्या मोहोळ बसायचं. आग्या म्हणजे साधी माशी नव्हे. दहा डसल्या तर बैल लोळतो.

तो मध काढायची रीत अशी. एकानं कमरेला अंबाडीचा दोर बांधून कड्यावरून उतरायचं. वर हिरड्याचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला दोराचे दोन वेढे द्यायचे आणि शेवट दुसऱ्यानं धरायचा. तो दुसरा कोण? तर मेव्हणा. बायकोचा भाऊ. सख्खा भाऊ चालायचा नाही, कारण सख्ख्या भावाचा जमिनीत वाटा असतो. मेव्हणा मात्र जीव गेला तरी बहिणीचं कुंकू पुसू द्यायचा नाही. आणि बाईनं दोराला हात लावायचा नाही. बाईचा हात लागला की दोर तुटतो, असं म्हणायचे. कधी तुटलेला कुणी बघितला नव्हता, पण म्हणायचे.

गावात हैबती नावाचा म्हातारा होता. वीस वर्षं कड्यावर उतरलेला माणूस. गुडघे गेले म्हणून ओट्यावर बसून असायचा, पण जरब अशी की त्याची हाक पुरी व्हायच्या आत सुनेचं 'जी' आलं पाहिजे. नाही आलं तर काठी होतीच. आता त्याचा धाकटा मुलगा चिमा कड्यावर उतरायचा. चिमाची बायको ठमा, आणि ठमाचा भाऊ काळू दोर धरायचा.

ठमा मनाची सरळ होती, कामाला वाघीण होती, पण तोंडाला तिच्या दारच नव्हतं. चुलीशी बोलायची, म्हशीशी बोलायची, कुणी नसलं तर स्वतःशी भांडायची. एक प्रश्न विचारावा तर पाच उत्तरं मिळायची आणि वर दोन प्रश्न. हैबती वैतागायचा आणि तिला कासवाची गोष्ट सुनवायचा. "ठमे, तोंड आवर. कासव मेलं ते बोलूनच मेलं."

ठमा म्हणायची, "मामा, कासवाला बायको असती ना, तर तिनं बगळेच बोलून दमवले असते!"

सारी आळी हसायची. म्हातारा काठी उगारायचा. असं रोजचं चाललेलं.

चैत्र संपत आलेला. त्या दिवशी उजाडताच चिमा आणि काळू कड्यावर गेले. ठमा अंगणात शेण्या थापत होती, पण डोळा कड्यावर होता. चिमा ओल्या पाल्याचा धूर करत उतरायचा, आणि कपारीतून त्या धुराची बारीक रेघ वर चढायची. धूर आहे तोवर माशा झिंगलेल्या असतात. ती रेघ चढली, चढली, आणि मध्येच तुटली. पाला विझला होता. मग कडा घुमायला लागला. गावाला तो आवाज ओळखायला शिकवावं लागत नव्हतं. मोहोळ उठलं होतं.

सगळ्या गावानं घरात शिरून दारं लोटली. ठमा तेवढी उलटी, कड्याकडं पळाली. डोक्यावर घोंगडी घेतली, आणि जिथं बाईमाणसानं पाऊल ठेवायचं नाही तिथवर ती एका दमात चढली.

वर काळू उभा होता. काळू कसला, नुसती सूज. डोळे मिटलेले, ओठ सुजून लोंबलेले, अंगभर माशा. पण दोर त्यानं सोडला नव्हता, हे लक्षात ठेवा. लोक उगीच काळूला नावं ठेवतात. त्याला बहिणीची चाहूल लागली. "ठमे," तो म्हणाला, "चिमा लोंबकळतोय. शुद्ध न्हाई त्याला. माझे हात मेले. धर."

ठमा थबकली. हात लावला आणि दोर तुटला तर? तुटला तर नवरा जाईल, आणि तिच्या हातानं जाईल. नाही धरला तरी जाईल. तिनं डोळे मिटले आणि दोर धरला. दोर तुटला नाही. काळूनं हात सोडले, दोन पावलं चालला आणि कोसळला. वाळल्या गवतावरून घरंगळत तो पार खालच्या करवंदीच्या जाळीत जाऊन अडकला.

आता वर ठमा एकटी. झाडाला दोन वेढे होते म्हणून एका बाईला तो भार पेलत होता. पण दोर इंच इंच सरकत होता. तळहात सोलले, रक्त आलं, रक्तानं दोर निसरडा झाला आणि जास्तच सरकायला लागला. शेवटी हातात वीतभर दोर उरला आणि त्याच्या टोकाला लिंबाएवढी गाठ. गाठ मुठीत राहीना. मग ठमानं ती दातात धरली, कडाकडा दात आवळले, झाडाच्या मुळीला टाच लावली आणि अंग मागं टाकलं. असं म्हणतात की माशा तिच्या अंगावर घोंगडीसारख्या बसल्या. खांद्यावरची घोंगडी कुठली आणि माशांची कुठली ते ओळखू येत नव्हतं.

चिमाचा जीव आता त्या गाठीवर होता. ठमानं तोंड उघडलं की चिमा गेला.

इकडं घोंघावणं जरा निवलं तशी माणसं दारं किलकिली करून बाहेर आली. जाळीत त्यांना काळू सापडला. त्याची जीभ सुजून तोंडात मावत नव्हती. तो नुसता वर बोट दाखवत होता आणि घशातून आवाज काढत होता. आणि इथं गावाची चूक झाली. माणसांनी काय विचार केला? मेव्हणा खाली आला, म्हणजे दोर सुटला. दोर सुटला, म्हणजे चिमा दरीत गेला. वर हिरड्याखाली बाई उभी दिसतेय खरी, पण बाई काही दोर धरत नसते. तिच्या हातात दोर असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? तशी रीतच नव्हती ना!

तरी खात्रीसाठी कुणीतरी ओरडलं, "ठमेऽऽ, चिमा कुठाय गं?"

वरून उत्तर नाही.

"अगं, चिमा हाय का गेला?"

उत्तर नाही. जी बाई न विचारता बोलायची ती विचारूनही गप्प. मग काय विचारता, सगळ्यांनी ओळखलं. चिमा गेला, आणि त्या धक्क्यानं हिची वाचा बसली. चौघे पुरुष प्रेत शोधायला दरीत उतरले. दोघांनी कोयते घेतले आणि तिरडीसाठी कळक तोडायला लागले. बायका अंगणात बसून हंबरडा फोडायला लागल्या.

वर ठमाला सगळं ऐकू येत होतं. कळकावर पडणारा कोयत्याचा एकेक घाव ऐकू येत होता. आणि दातांतली गाठ तर मधून मधून हिसका देत होती, कारण खाली चिमाला शुद्ध येत होती आणि तो पाय झाडत होता. चिमा पुढं जन्मभर सांगायचा, "मला जाग आली ती माझ्याच नावानं चाललेलं रडणं ऐकून. मला वाटलं, मेलोच असेन, एवढी माणसं उगी रडतील कशाला?" ओरडावं तर त्याचं तोंड सुजलेलं, आणि कड्याचं पोट आडवं आल्यानं तो कुठूनच कुणाला दिसत नव्हता.

म्हणजे बघा, नवरा जिवंत आहे हे साऱ्या दुनियेत एकटीला माहीत, दोन शब्द बोलले की गाव धावत वर येईल, आणि तेच दोन शब्द बोलायची सोय नाही.

तेवढ्यात ठमाची थोरली जाऊ येसा पुढं झाली. दोघींचं कधी पटलं नव्हतं. येसानं कमरेला पदर खोचला आणि कड्याकडं तोंड करून सुरू झाली. "नवरा गेला आन् डोळ्याला टिपूस न्हाई! आता का दातखीळ बसली गं? बहीणभावांनी मिळून सोडला दोर! अवदसे, खाल्लास ना माझ्या दिराला?"

सगळ्या गावासमोर. असं म्हणतात की ठमाच्या पोटातून शब्द उसळले, दातांपर्यंत आले, गाठीवर आपटले आणि मागं फिरले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते खालून कुणाला दिसणार? खालून फक्त एवढंच दिसत होतं की ती हलत नाही आणि बोलत नाही.

दुपार झाली. हैबती इतका वेळ ओट्यावर डोकं धरून बसला होता. तो उठला, अंगणाच्या कडेला आला आणि त्यानं हाक मारली.

"ठमे!"

सासऱ्याची हाक होती ती. लग्न होऊन आल्यापासून त्या हाकेला ठमा कधी चुकली नव्हती. हाक कानावर पडली की तोंडातून 'जी' निघायचं. आजही तेच झालं. तिला कळायच्या आत जबडा सैलावला आणि गाठ सटकली. अर्धी बाहेर आली. दोर चार बोटं सरकला. खाली चिमाला धाडकन हिसका बसला आणि त्याच्या वजनानं ठमाचा पुढचा एक दात मुळासकट निघाला. उरलेल्या दातांनी तिनं गाठ परत पकडली. तोंडात रक्त भरलं. ते तिनं गिळलं, कारण थुंकायचीही चोरी होती.

"ठमेऽऽ!"

दुसरी हाक. या वेळी तिनं जबडा हलू दिला नाही.

सारा गाव म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघत होता. सुनेनं हाकेला उत्तर दिलं नाही, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. हैबतीच्या मानेच्या शिरा ताठल्या. तिसरी हाक त्यानं मारलीच नाही. त्यानं काठी उचलली आणि कड्याच्या वाटेला लागला.

येसा म्हणाली, "मामा, माशा हायेत अजून."

"डसू दे," हैबती म्हणाला. "पोरगा गेला आन् सून मला जबाब देत न्हाई. तिला झिंज्या धरून खाली आणतो."

खोटं कशाला सांगू? म्हातारा तिला मारायलाच निघाला होता. पुढं गावानं त्याला देवमाणूस केलं, पण त्या घडीला तो काठी घेऊन मारायला निघाला होता. वाटेत काळू पडला होता, त्यानं धोतराचा सोगा धरून काही सांगायचा प्रयत्न केला, तर म्हाताऱ्यानं तो हिसडून सोडवला. गुडघे गेलेला माणूस. दहा पावलं चढायचा, थांबायचा, शिव्या घालायचा, पुन्हा चढायचा. वर ठमाला त्याच्या काठीचा आवाज जवळ जवळ येताना ऐकू येत होता. तिला माहीत होतं तो कशाला येतोय. पाठीत काठी बसली तर तोंडातून किंकाळी निघणार, आणि किंकाळी निघाली की सगळं संपणार. काही लोक म्हणतात की सूर्य तिच्यासाठी आकाशात थांबला होता. मी म्हणतो, सूर्य कुणासाठी थांबत नाही. ती थांबली होती, तेवढं पुरे आहे.

हैबती वर पोचला. ठमा पाठमोरी होती. त्यानं काठी उचलली. उचललेली काठी तशीच राहिली, कारण त्याची नजर दोरावर गेली.

वीस वर्षं त्या दोरावर लोंबकळलेला माणूस तो. रिकामा दोर कसा पडतो आणि भरलेला दोर कसा ताणतो हे त्याला शिकवायला नको होतं. दोर हिरड्याला करकचून आवळला होता. कड्याच्या काठावर तो थरथरत होता. त्याच्या दुसऱ्या टोकाला जिवंत माणूस होता. मग म्हाताऱ्यानं वळून ठमाचं तोंड बघितलं.

काठी कुठं पडली ते त्यालाही नंतर आठवेना. त्यानं दोर दोन्ही हातांनी धरला, झाडाला पाय लावला आणि खाली असा ओरडला की दरीत उतरलेल्या माणसांनीही ऐकलं, "चिमा जिता हाय! तिरडी टाका आन् वर या! समदे वर या!"

मग काय, गाव धावला. घोंगड्या पांघरून आठ जणांनी दोर ओढला आणि चिमाला काठावर घेतला. सुजून ओळखू येत नव्हता, पण श्वास चालू होता. ठमाला म्हणाले, सोड आता गाठ. ती सोडेना. तिच्यानं सोडवेना! जबडा कुलपासारखा बसला होता. शेवटी हैबतीनं कोयत्यानं दोर गाठीपाशी कापला आणि ठमा तोंडात गाठ घेऊनच घरी आली. येसानं, हो, येसानंच, रडत रडत कोमट तेलानं तिचे गाल चोळले. दिवेलागणीला जबडा सुटला. गाठ बाहेर आली आणि गाठीबरोबर आणखी दोन दात आले.

आणि मग ठमा बोलायला लागली. असं म्हणतात की ती तीन दिवस बोलत होती. येसाला बोलली, गावाला बोलली, माशांना बोलली, मध्येच रडली, पुन्हा बोलली. पुढचे दात नसल्यानं निम्मं कुणाला कळत नव्हतं. पण त्या घरात कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. हैबती उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होता आणि मधून मधून नुसती मान हलवत होता.

पुढं पावसाळ्यात पोरं ओट्यावर जमली आणि म्हाताऱ्याला म्हणाली, आज्या, कासवाची गोष्ट सांग. त्यानं सुरू केली. तळं, बगळे, काठी. कासव वर गेलं, खाली माणसांनी गलका केला, इथवर आला आणि थांबला.

एक पोर म्हणालं, "मग पडलं ना?"

"न्हाई पडलं."

"पण आज्या, सगळे सांगतात की पडलं."

"सगळे खाली उभं राहून वराडत होते," हैबती म्हणाला. "मी वर जाऊन बघितलंय."

तेव्हापासून कळकवाडीत कासव पडत नाही. आता त्यातही फाटे फुटलेत म्हणा. वरच्या आळीत सांगतात की कासवाचे दात पडले म्हणून आज कासवाला दात नाहीत. खालच्या आळीत सांगतात की एक म्हातारा टेकडीवर चढला आणि त्यानं काठी हातात धरून तिघांना अलगद उतरवलं. दोर धरायलाही आता मेव्हणाच लागतो असं काही राहिलं नाही. बायका धरतात. दोराच्या टोकाला गाठ मात्र मारतात, आणि तिला ठमाची गाठ म्हणतात.

आणि एक गोष्ट गाव अजून पाळतं. आमच्याकडं कुणाला हाक मारली आणि ओ आली नाही, तर दुसरी हाक मारतात. दुसरीलाही ओ आली नाही तर तिसरी मारत नाहीत. हातातलं काम टाकतात आणि उठून बघायला जातात. मग ते माणूस भांडलेलं असो, रुसलेलं असो, नाहीतर मुद्दाम गप्प बसलेलं असो. जाऊन तोंड बघायचं आणि मग काय बोलायचं ते बोलायचं. सासूनं सुनेकडं जायचं, पाटलानं गड्याकडं जायचं. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, काय ही माणसं, सारखी एकमेकांच्या घरात डोकावतात!

मागल्या माघात मी मागीलदारी घसरून पडलो. कंबर धरली, छातीत कळ आली, तोंडातून शब्द फुटेना. शेजारची चांगुणा कुंपणावरून म्हणाली, "बाबा, चहा घेता का?" मी पडल्या पडल्या ऐकत होतो. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "बाबाऽऽ?" आदल्याच दिवशी तिच्या कोंबड्यांवरून मी तिच्याशी कडाक्याचं भांडलो होतो. तिला सहज वाटलं असतं, म्हातारा फुगलाय, बसू दे फुगून.

मी मोजत होतो. तिसरी हाक आली नाही. फाटकाची कडी वाजली.